गोल्फने समुद्रकाठची गावं घडवली म्हणतात, ते कितपत खरं?

प्रश्न भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यातला आहे. गोसीखुर्द धरणाच्या बॅकवॉटरला लागून असलेल्या एका गावचा तरुण ग्रामपंचायत सदस्य विचारतो: "काका, गोल्फ कोर्स काढू पाहणाऱ्या एका पार्टीने ग्रामपंचायतीत पडदा लावून स्कॉटलंड-अमेरिकेतली समुद्रकाठची गावं दाखवली. ती गोल्फमुळे श्रीमंत झाली म्हणतात. आपल्याकडे समुद्र नाही, पण पाणी तसंच दिसतं, त्यामुळे इथेही तसंच होईल असं त्यांचं म्हणणं. गुरचरण आणि काठच्या काही धानाच्या बांध्या मागताहेत. तुम्ही जन्म गोल्फच्या मैदानावर काढला, खरं काय ते सविस्तर सांगा."

बाबू, आधी माझी लायकी सांगतो. गोल्फ मी कधी खेळलो नाही. सत्तावीस वर्षं गोल्फचं गवत कापलं. पुण्याकडच्या एका कोर्सवर मजूर म्हणून लागलो, मग आखातात गेलो, शेवटी पश्चिम किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टचा कोर्स सांभाळला आणि घरी आलो. खेळाडूची गोष्ट माझ्याकडे नाही. जमिनीची आणि पाण्याची आहे, आणि तुला तीच हवी आहे.

दाखवलेले फोटो खोटे नाहीत. स्कॉटलंडचं सेंट अँड्र्यूज गोल्फवर जगतं, अमेरिकेचं हिल्टन हेड बेटही जगतं. पण ही दोन नावं एका दमात घेणं म्हणजे मामा (माजी मालगुजारी) तलाव आणि गोसीखुर्द, दोन्ही पाणीच, असं म्हणण्यासारखं झालं. एक गावाच्या निस्तारात, म्हणजे सामाईक वापरात राहिला, दुसऱ्यासाठी गावं उठली. आपल्या भागाला हा फरक समजावून सांगायची गरज नाही.

सेंट अँड्र्यूजपासून सुरू करतो. तिथे समुद्र आणि शेतं यांच्या मधे वाळूची उंचसखल पट्टी आहे, तिला लिंक्स म्हणतात. तिच्यात पीक येत नाही. खाऱ्या वाऱ्यात बारीक पात्याचं गवत तेवढं तगतं, मेंढ्या ते खाऊन खाऊन आखूड ठेवतात, ससे बिळं करतात. पाऊस थांबला की थोड्याच वेळात पाय कोरडे. गोल्फ तिथे वाढला याचं निम्मं कारण या वाळूत आहे. उरलेलं निम्मं म्हणजे ती जागा कोणाचं वावर नव्हती, सगळ्या गावाची होती. राजा दुसरा जेम्स याच्या काळात १४५७ मध्ये गोल्फवर बंदी आली, कारण लोक तिरंदाजीचा सराव सोडून चेंडूमागे लागले होते. बंदी घालावी लागली, यावरून खेळ किती पसरला होता ते समज.

आता ज्या कागदासाठी मी एवढं लिहायला बसलो, तो. १५५२ मध्ये तिथल्या आर्चबिशपला लिंक्सवर ससे पाळायचे होते. तेव्हा झालेल्या सनदेत गावकऱ्यांचे हक्क नोंदवले गेले: गोल्फ, फुटबॉल, नेमबाजी, आणि गुरं चारणंसुद्धा. पुढे कित्येक वर्षं बाया याच मैदानावर धुतलेले कपडे वाळत घालायच्या, तोही हक्कच समजला जायचा. हे वाचलं तेव्हा मला आपलं निस्तारपत्रक, म्हणजे गावाच्या सामाईक हक्कांची नोंद, आठवलं. मालगुजारी (आपल्याकडची जमीनदारी) गेली १९५०-५१ मध्ये, पण चराई, जळण, माती-मुरूम, तलावाचं पाणी आणि जाण्यायेण्याची वाट यांवरचे गावाचे हक्क नोंदवून ठेवायची पद्धत राहिली. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत १६१ व्या कलमात निस्तारपत्रक आहे आणि १६५ व्या कलमात वाजिब-उल-अर्ज, म्हणजे वहिवाटीच्या हक्कांची नोंद. पुण्या-मुंबईच्या वकिलाला हे शब्द सांगितले तर तो दोनदा विचारतो. ही आपल्या बाजूची चीज आहे.

पण नुसता कागद असून भागत नाही. १७९७ मध्ये सेंट अँड्र्यूजची नगरपालिका दिवाळखोरीत निघाली आणि लिंक्स व्यापाऱ्यांच्या हाती गेली. त्यांनी मांसासाठी आणि कातड्यासाठी ससे सोडले. मैदानाची चाळण झाली. गोल्फ खेळणारे आणि ससेवाले यांच्यात वीसेक वर्षं कोर्टकज्जे आणि मारामाऱ्या चालल्या. लोक ससे मारायचे, व्यापारी दावे लावायचे. १८२१ मध्ये जेम्स चीप नावाच्या शेजारच्या जमीनदाराने जागा विकत घेतली, तो गोल्फवाला होता म्हणून मैदान वाचलं. म्हणजे नशिबानेच म्हणायचं. पुन्हा नशिबावर सोडायला नको म्हणून पुढे १८९४ मध्ये खास कायदा करून नगरपालिकेने लिंक्स परत आपल्या ताब्यात घेतली. १९७४ पासून तिचा कारभार एका ट्रस्टकडे आहे. सात कोर्स त्याच्याकडे आहेत. बाहेरचा पाहुणा एका फेरीला भरपूर मोजतो, गावचा माणूस वर्षाचं स्वस्त तिकीट काढून खेळतो. आणि रविवारी ओल्ड कोर्सवर एरवी खेळच बंद. त्या दिवशी ते गावाचं मोकळं मैदान, लोक पोरं आणि कुत्री घेऊन फिरतात. जगातला सगळ्यात नावाजलेला कोर्स आठवड्यातून एक दिवस आखरासारखा सगळ्यांना मोकळा, हे त्या पडद्यावर दाखवलं का? विचार त्यांना.

मधल्या काळात त्या गावाची अवस्था वाईट होती, हेही लक्षात घे. धर्मसुधारणेनंतर तिथलं मोठं कॅथेड्रल ओस पडलं, १७७३ मध्ये इंग्रज लेखक डॉ. जॉन्सन आला तेव्हा त्याला पडझडच दिसली. गाव सावरलं ते एकोणिसाव्या शतकात, आणि त्यात गोल्फ एकटा नव्हता. ह्यू लायन प्लेफेअर नावाचा माणूस आपल्या देशात बंगालच्या तोफखान्यात नोकरी करून परतला आणि १८४२ पासून मरेपर्यंत, म्हणजे १८६१ पर्यंत, गावचा नगराध्यक्ष होता. त्याने रस्ते, गटारं, घाण यांचा पिच्छा पुरवला. १८५२ मध्ये रेल्वे आली. त्याच सुमाराला गटापर्चा नावाच्या मलायातल्या झाडाच्या चिकाचा चेंडू आला.

या चेंडूवर थोडं थांबतो. त्याआधी चेंडू म्हणजे कातड्याची छोटी पिशवी, तिच्यात पिसं ठासून शिवलेली. एका चेंडूला टोपीभर पिसं. कसलेला कारागीर दिवसाला तीन-चार करायचा आणि पिसांची धूळ छातीत घेऊन लवकर मरायचा. आपल्याकडच्या विड्या वळणाऱ्या घरांत तंबाखूच्या धुळीचा खोकला ज्याने ऐकलाय, त्याला हे कळेल. गटापर्चाचा चेंडू साच्यात निघायचा आणि स्वस्त असायचा. ॲलन रॉबर्टसन हा पिसांच्या चेंडूचा मोठा कारागीर, आणि टॉम मॉरिस त्याच्या हाताखालचा. नव्या चेंडूवरून दोघांचं वाजलं आणि टॉम १८५१ मध्ये पश्चिम किनाऱ्यावर प्रेस्टविकला गेला. १८६० मध्ये तिथेच पहिली ओपन स्पर्धा झाली, खेळाडू फक्त आठ. चेंडू स्वस्त झाला आणि रेल्वे आली, तेव्हा कुठे ग्लासगो-एडिनबराचा कारकून सुट्टीत चेंडू मारायला येऊ लागला. त्याच्यामागून खानावळी, लॉज, काठ्या बनवणारे, काठ्यांची पिशवी वाहणारे कॅडी आले. पोट भरलं ते त्यांचं.

टॉम मॉरिस नंतर सेंट अँड्र्यूजला परतला आणि १९०३ पर्यंत मैदान सांभाळत राहिला. आमच्या धंद्याचा तो आजोबा. असं सांगतात की एकदा त्याची वाळूची हातगाडी ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या अगदी आखूड गवतावर, कलंडली आणि काही दिवसांनी नेमकं तिथलंच गवत तरारून आलं. तेव्हापासून 'आणखी वाळू' हा त्याचा जप. मीही तेच केलं, हातजाळीने चाळून पातळ थर पसरायचा आणि ब्रशने मुळांत उतरवायचा. गोष्ट सांगितली ती अशासाठी की, त्यांना वाळू फुकट होती, खाली समुद्र होता. आपल्याकडे वाळूघाटाचा लिलाव होतो.

रेल्वेवरून एक आठवलं. स्कॉटलंडच्याच किनाऱ्यांवर डॉर्नोक, टर्नबेरी अशी ठिकाणं आहेत, तिथे लाइन आली आणि पाठोपाठ रेल्वेचं हॉटेल आलं. टर्नबेरीचं १९०६ मध्ये उघडलं. डॉर्नोकची फाट्याची लाइन १९०२ मध्ये आली, १९६० मध्ये बंद झाली. कोर्स तिथेच आहे, लोक आता मोटारीने येतात. आपली पवनी रोडची छोटी गाडी गेली तेव्हा आपल्याकडे मागे काय उरलं, ते तू पाहतोच आहेस. असो.

आता हिल्टन हेड. पार्टीचा खरा नमुना हाच आहे, कारण तुमच्याकडे जे मागताहेत ते या बेटावर घडलं.

दक्षिण कॅरोलायना राज्याच्या किनाऱ्यावरचं हे बेट. यादवी युद्धात १८६१ मध्ये उत्तरेच्या फौजांनी ते घेतलं. पुढच्याच वर्षी सुटका झालेल्या गुलामांनी तिथे मिचेलव्हिल नावाचं आपलं गाव वसवलं, स्वतःच्या पंचांचं, स्वतःच्या शाळेचं. मागून त्यांनी जमिनी विकत घेतल्या. त्यांच्या वंशजांना गल्ला म्हणतात. मासेमारी, कालवं, शेती, गवताच्या टोपल्या, सगळं होडीच्या भरवशावर. जवळजवळ नव्वद वर्षं बेटावर बहुतेक वस्ती त्यांचीच. १९५६ मध्ये पूल झाला.

पुलाच्या आधीच लाकूडवाल्यांनी बेटाचा मोठा भाग घेतलेला होता. त्यांच्यातल्या एकाचा मुलगा चार्ल्स फ्रेझर, येल विद्यापीठात कायदा शिकलेला. त्याने सी पाइन्स ही वसाहत आखली. माणूस हुशार होता, हे मी मोकळेपणी सांगतो. झाडं राखली, घरांचे रंग मातीसारखे ठेवायला लावले, खरेदीखतातच अटी घातल्या. अडचण एकच होती: समुद्राला लागून असलेले प्लॉट चढ्या भावाने जातात, आतल्या जंगलातला प्लॉट कोण घेणार? उत्तर गोल्फ. आतून फेअरवे, म्हणजे खेळायची लांब हिरवी पट्टी, फिरवला की त्याच्या दोन्ही बाजूंच्या प्लॉटला 'समोर हिरवळ' मिळते. आमच्या धंद्यात हे सगळ्यांना माहीत असतं, बोलत कोणी नाही. अशा कोर्सची आखणी खेळाडूसाठी कमी, प्लॉटच्या नकाशासाठी जास्त असते. १९६९ मध्ये हार्बर टाउनचा कोर्स झाला, पहिली स्पर्धा अर्नोल्ड पामरने जिंकली, टीव्हीवर बेट दिसलं आणि पुढच्या वर्षी लाल-पांढरा दीपस्तंभ उभा राहिला. तोच फोटो तुम्हाला दाखवला असणार.

आणि गल्ला लोक? त्यांच्या जमिनी बहुतेक वारसाहक्काने आलेल्या, वाटणी न झालेल्या. आपल्या सामाईक सातबाऱ्यासारख्या: आजोबा वारले, फेरफार झाला नाही, चुलते-आत्या-त्यांची मुलं मिळून वीस-पंचवीस हक्कदार, निम्मे बाहेरगावी. शहरात गेलेला एखादा वारस आपला हिस्सा विकायचा. घेणारा कोर्टात जाऊन वाटणी मागायचा. वाटणी करता येत नाही म्हणून अख्ख्या जमिनीचा लिलाव, आणि लिलावात बोली लावायला पैसा कोणाकडे? दुसरी वाट कराची. शेजारी बंगले झाले की जमिनीची किंमत वाढते, त्याबरोबर कर वाढतो. कर थकला की पुन्हा लिलाव. एकाही माणसाला हाताला धरून बाहेर काढलं नाही, तरी जमीन गेली. अशा लिलावांना लगाम घालणारा कायदा त्या राज्याने २०१६ मध्ये केला, पुलाला साठ वर्षं झाल्यावर.

बंद वसाहतींची नावंही त्यांनी 'प्लँटेशन' ठेवली. ज्या मळ्यांवर खापरपणजे राबले, त्याच शब्दाची पाटी फाटकावर. गल्ला लोकांची जुनी स्मशानं या फाटकांच्या आत सापडली. एक तर हार्बर टाउनच्या अठराव्या होलजवळ, फ्लॅटच्या शेजारी आहे. आपल्या माणसाच्या कबरीवर फूल ठेवायचं तर आधी पहारेकऱ्याला सांगायचं. आज बेटावर सदतीस हजारांवर वस्ती आहे. हॉटेलात चादरी बदलणारे कितीतरी लोक मुख्य भूमीवरच्या गावांतून दीड-दोन तास बसने येतात.

एक गोष्ट मात्र रिसॉर्टवाल्यांच्या बाजूने सांगायलाच हवी. १९६९-७० मध्ये बेटासमोर बीएएसएफ या कंपनीचा रसायन कारखाना येणार होता. तेव्हा कोळंबी पकडणारे काळे मच्छीमार आणि गोल्फवाले एकत्र आले. मच्छीमारांची बोट विरोधाच्या सह्या घेऊन थेट वॉशिंग्टनला गेली. कारखाना आला नाही. पाणी घाण झालं तर दोघांचंही बुडणार होतं. मग हे गोल्फचं देणं म्हणायचं की नाही? माझं मत दर दोन वर्षांनी बदलतं.

स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनजवळचं उदाहरण लवकर आटपतो. ट्रम्प यांनी तिथे २००६ मध्ये वाळूच्या टेकड्या घेतल्या. स्थानिक समितीने नकार दिला, तर सरकारने प्रकरण आपल्याकडे ओढून २००८ मध्ये परवानगी दिली. सहा हजार नोकऱ्या सांगितल्या होत्या. २०१२ मध्ये कोर्स उघडला, कबूल केलेलं साडेचारशे खोल्यांचं हॉटेल झालं नाही. आणि संरक्षित टेकड्यांचा त्या भागातला दर्जा २०२० मध्ये काढून घेतला, कारण राखण्याजोगं उरलं नव्हतं.

आता माझ्या हातचं सांगतो. पश्चिम किनाऱ्यावरच्या त्या रिसॉर्टवर ग्रीन तीन मिलिमीटरवर कापायचा, रोज, सूर्य उगवायच्या आत. सातव्या ग्रीनच्या मागून कोळणींची वाट होती, वाळूवर उतरणारी. टोपलीतलं पाणी ग्रीनवर सांडलं की मिठाने गवत पिवळं पडायचं. मी वर लिहून कळवलं, वाट वळवा. माझ्या मनात होतं पन्नास पावलं बाजूला. त्यांनी कुंपण घालून वाट बंदच केली. दुसऱ्या दिवशी पहाटे मी गवत कापायचा मोअर घेऊन उभा, आणि कुंपणापलीकडे एक म्हातारी रिकामी टोपली डोक्यावर घेऊन उभी. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "दादा, फाटक कुठून?" फाटक नव्हतं. कागदावर सही माझी होती.

तुझ्या गावाचं बोलू. आधी जमीन. तुमच्या बांध्यांची माती पाणी धरून ठेवते, म्हणून धान होतं. गोल्फला नेमकं उलटं लागतं. ग्रीनखाली फूटभर वाळू, तिच्याखाली खडी, तिच्याखाली नळ्या. ही बांधी एकदा उकरली की पुन्हा तिथे रोवणी होणार नाही, लीज तीस वर्षांची असो की तीन. गवताचं म्हणशील तर हसू येतं. माझा बाप ज्या हरळीच्या काड्या कुदळीने उकरून धुऱ्यावर जाळायचा, तीच हरळी, तिच्या आफ्रिकेतल्या बहिणीशी संकर करून, बर्म्युडा नावाने मी आखातात मोजून लावली. अमेरिकेत टिफ्टनच्या संशोधन केंद्रातून आलेले वाण ते. बापाला सांगितलं तर तो म्हणाला, आपल्या धुऱ्यावरची घेऊन जायची होती.

पाण्याचा हिशोब तूच कर. अठरा होलच्या कोर्सला दीडशे एकरांच्या आसपास जागा लागते, त्यात पाणी द्यायची हिरवळ साधारण पंचवीस हेक्टर धर. आपल्या मे महिन्यात दिवसाला सात मिलिमीटर तरी द्यावं लागेल. एका हेक्टरवर एक मिलिमीटर म्हणजे दहा हजार लिटर. गुणाकार केलास तर साडेसतरा लाख लिटर, रोज. जलजीवन मिशनचा हिशोब माणशी ५५ लिटरचा आहे, म्हणजे हे तीस हजारांवर माणसांचं पाणी झालं. सांडपाणी शुद्ध करून वापरू म्हणतील, आम्ही आखातात तेच वापरायचो. पण तिथे मागे शहर होतं. तुमच्या मागे कोणत्या शहराचं सांडपाणी आहे, ते विचार. आणि बॅकवॉटरला उतरलेल्या खताचं आणि बुरशीनाशकाचं काय, हे ढिवरांच्या मच्छीमार सोसायटीला विचारू दे, त्यांचा हक्क तुझ्याआधी आहे.

नोकऱ्या येतील, नाही म्हणत नाही. माझ्या हाताखाली सगळ्यात जास्त होते तेव्हा बासष्ट लोक होते. त्यातले स्थानिक चाळीस, मजूर सगळे. मी एकटा मजुराचा सुपरिटेंडेंट झालो आणि मला एकोणीस वर्षं लागली.

म्हणून ग्रामसभेत होलांची संख्या आणि नोकऱ्यांचा आकडा यांवर वेळ घालवू नका. विचारा: गुरचरण विकत मागता की भाड्याने? पाण्याकडे जायची वाट नकाशात कुठे आहे, रुंदी किती? प्लॉट विकणार आहात का, किती? शेवटच्या प्रश्नाला ते घुटमळले तर समज की गवत देखाव्यापुरतं आहे. गुरचरणात झुडपी जंगल (महसुली नोंदीतली झुडपांची जमीन) लागत असेल तर तेही बघ, सुप्रीम कोर्टाने २०२५ मध्ये ते वनच धरलं आहे, ग्रामपंचायतीच्या ठरावाने ते कोणाला देता येत नाही. गावाच्या सामाईक जागा मोकळ्या ठेवा हे त्याच कोर्टाने २०११ मध्ये जगपाल सिंगच्या निकालात सांगून ठेवलं आहे. आणि ज्या घरांच्या बांध्या मागताहेत त्यांनी वारसांच्या नोंदी या महिन्यात करून घ्याव्यात, बहिणींची नावं घालून, पार्टीशी बोलायच्या आधी.

निस्तारपत्रकाची नक्कल तहसीलमधून माग, तिथे नसली तर जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात अर्ज दे. जुन्या कागदातले शब्द अडले तर फोटो काढून मला पाठव. आमच्या गावची नक्कल मी मागच्या उन्हाळ्यात काढली. दुसऱ्या पानावर धोब्याचा दगड आहे, आणि त्याच्या खालच्या ओळीत तलावावर उतरणारी ढिवरांची वाट.